लहान मासिकाचें आयुष्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें देवळाच्या इमारतीचा, नोंदवह्यांचा व उपकारकर्त्यांचा इतिहास सांगावा, अशी रूढि आहे. तो इतिहास या स्मरणिकेंत इतरत्र आला आहे, आणि लिहिणारांनीं तो परिश्रमपूर्वक लिहिला आहे. तरुणमंडळानें मात्र आम्हांस निराळा विषय दिला. या धर्मग्रामांत पूर्वीं तरुणांचें एक मासिक निघत असे. तें चार वर्षें चाललें व बंद पडलें. तें पुन्हां सुरू करावें कीं नाहीं, याविषयीं मंडळांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, एकदां बुडालेल्या व्यवहारांत पुन्हां पैसा कशास घालावा? दुसरा म्हणतो, मग ज्यांना लिहावेंसें वाटतें त्या मुलांनीं जावें तरी कोठें? या वादाचा निवाडा करण्यास आम्हांस बोलाविलें आहे. आम्ही त्या वेळीं येथें साहाय्यक धर्मगुरु होतों व त्या मासिकाचे संपादकहि होतों. तेव्हां न्यायाधीशाच्या आसनापेक्षां आरोपीचा पिंजराच आम्हांस अधिक शोभेल. तरी जें ठाऊक आहे तें सांगतों. निवाडा तुम्हीं करावा.

प्रथम मासिकाच्या आयुष्याचें मोजमाप कसें करावें तें पाहूं. केवळ वर्षें मोजूं लागलों तर मराठी नियतकालिकांच्या इतिहासांत अल्पायुषी कोण नाहीं? बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' काढलें. मराठींतील तें पहिलें वृत्तपत्र. एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी असा त्याचा थाट असे. १८४० सालीं तें बंद पडलें. त्याच वर्षीं बाळशास्त्र्यांनीं 'दिग्दर्शन' हें मराठींतील पहिलें मासिक सुरू केलें; आणि १८४६ सालीं ऐन तारुण्यांत त्यांचें देहावसान झालें. महाराष्ट्रांत ६ जानेवारी हा दिवस आज पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. 'दर्पण' बंद पडलें म्हणून त्या दिवशीं कोणी सुतक धरीत नाहीं. तें निघालें याचाच आनंद मानतात.

दुसरें उदाहरण आपल्या विषयाच्या अधिक जवळचें आहे. १८८७ सालीं जळगांवीं नारायण नरसिंह फडणीस यांनीं 'काव्यरत्नावली' नांवाचें मासिक सुरू केलें. तें केवळ कवितेला वाहिलेलें होतें. मुंबई-पुण्यापासून दूर, कापसाच्या व्यापाराच्या गांवीं, नुसत्या कवितेचें मासिक काढणाऱ्या गृहस्थास शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं काय म्हटलें असेल याची कल्पना तुम्हीच करावी. परंतु त्या काळांत केशवसुत नांवाचा एक शाळामास्तर नव्या तऱ्हेच्या कविता लिहीत होता, व त्या छापण्यास कोणीतरी हवें होतें. केशवसुत १९०५ सालीं वारले. त्यांच्या हयातींत त्यांच्या कवितांचें एकहि पुस्तक निघालें नाहीं. आज ज्यांना आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतों, ते स्वतः पुस्तकाविना गेले! त्यांच्या कविता टिकल्या त्या 'काव्यरत्नावली'सारख्या मासिकांच्या पानांवर. तेथून त्या जमवून हरि नारायण आपटे यांनीं पुढें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या. तीं पानें नसतीं तर जमविणारानें काय जमविलें असतें?

त्याच जळगांवांत १९०७ सालीं कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा उभा राहून कविता म्हणूं लागला, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्याचा 'बालकवि' म्हणून गौरव केला. तेंच नांव पुढें महाराष्ट्राच्या मुखीं बसलें. या बालकवींस आपल्या घरीं मुलाप्रमाणें ठेवून घेणारे कवि होते रेव्हरंड नारायण वामन टिळक, व माया लावणाऱ्या होत्या लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना हें सांगणें नको. १९१८ सालीं बालकवि रेल्वेच्या अपघातांत गेले तेव्हां त्यांचें वय अठ्ठावीस वर्षांचेंहि नव्हतें. विचार करा: सतराव्या वर्षीं कोणी त्यांचें ऐकलें नसतें व 'अजून लहान आहेस, पुढें पाहूं' म्हणून बसविलें असतें, तर पुढें तरी पाहण्यास किती काळ उरला होता? नव्या लेखकाला 'पुढें पाहूं' असें म्हणणें संपादकास सोपें असतें. पुढचे दिवस कोणाच्या हातीं आहेत हें आपण धर्मगुरु मंडळी तरी जाणतों.

आपल्या ख्रिस्तसभेनेंहि या क्षेत्रांत आपला वांटा उचललेला आहे. १९०३ सालीं येशूसंघाचे जर्मन धर्मगुरु हेन्री डोरिंग यांनीं नगर जिल्ह्यांत 'निरोप्या' हें मराठी मासिक सुरू केलें, व त्यानें शतक ओलांडलें. परदेशांतून आलेला धर्मगुरु खेड्यांतील लोकांसाठीं त्यांच्या भाषेंत मासिक काढतो, आणि त्याच्या पानांवर खेड्यांतले मास्तर व कॅटेकिस्ट लिहावयास शिकतात, ही लहान गोष्ट नव्हे. १९५५ सालीं वसईस 'सुवार्ता' निघालें. आमचें बालपण वसईच्या बाजूस गेलें. त्यामुळें महिन्याच्या आरंभीं तें घरीं येई, आजोबा तें मोठ्यानें वाचीत व आम्ही पोरें ओसरीवर बसून ऐकत असूं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचें संपादन केलें. तेच फादर दिब्रिटो जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैंत ते प्रभूकडे गेले. त्यांच्या या मानाच्या मुळाशीं महिनोमहिने एका लहान मासिकाचीं मुद्रितें तपासणारे हात होते, हें आम्ही आमच्या तरुणांस मुद्दाम सांगूं इच्छितों.

आतां बंडखोरांकडे वळूं. कारण नव्या लेखकांचीं मासिकें पुष्कळदां भांडणांतूनच जन्मतात. विसाव्या शतकाच्या मध्यास 'सत्यकथा' या मासिकाचा मराठी साहित्यांत मोठा दरारा होता. त्याच्या संपादकांनीं कथा-कविता पारखून घेतल्या, हें खरें. परंतु ज्यांची भाषा त्या पारखींत बसत नसे, त्यांना आपलें पान आपणच तयार करणें भाग पडलें. १९५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदि तरुणांनीं 'शब्द' काढलें. १९६३ सालीं अशोक शहाणे यांनीं 'असो' काढलें. पुढें औरंगाबादेस 'वाचा' निघालें. हीं लघुनियतकालिकें फार दिवस टिकलीं नाहींत. कांहींचे अंक बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. वर्गणीदार थोडे, आणि छपाईचें देणें बहुधा मित्रांच्या खिशांतून फिटावयाचें. पण त्या पानांवर ज्यांनीं लिहिलें त्यांच्यावांचून आज मराठी कवितेचा इतिहास लिहितां येत नाहीं. पुढें 'सत्यकथा'हि १९८२ सालीं बंद पडलें. म्हणजे मोठें गेलें व लहानेंहि गेलीं. उरले ते लेखक.

कांहीं लहान मासिकें मात्र एकाच माणसाच्या जिद्दीवर दीर्घकाळ जगतात. औरंगाबादेस प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' हें त्रैमासिक हातीं घेतलें, व २०१८ सालीं देह ठेवीपर्यंत तें सोडलें नाहीं. दलित समाजांतील जी मुलें घराण्यांत प्रथमच लेखणी धरीत होतीं, त्यांचें पहिलें लिखाण त्यांनीं छापलें, आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरवून त्यांस एकमेकांची ओळख करून दिली. नवा लेखक आपल्या गांवीं एकटा असतो. आपल्यासारखा दुसरा कोणी जगांत आहे हें त्याला मासिकानेंच कळतें. मासिकाचें हें काम छपाईहून मोठें आहे.

हीं सारीं गांवें येथून दूर आहेत, असें तुम्हांस वाटत असेल. म्हणून आतां आपल्या अरण्याकडे येऊं. चंद्रपुरास दोनदां अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलें: १९७९ सालीं वामन कृष्ण चोरघडे अध्यक्ष होते, आणि २०१२ सालीं वसंत आबाजी डहाके. डहाके यांची 'योगभ्रष्ट' ही दीर्घ कविता १९६६ सालीं मासिकांतच प्रथम प्रसिद्ध झाली होती; पुस्तक मागाहून आलें. दुसरी गोष्ट तुमच्या रोजच्या पाहण्यांतली आहे. बल्लारपूरच्या कागदाच्या कारखान्याकडे बांबूनें लादलेले ट्रक जातांना तुम्हीं लहानपणापासून पाहिले आहेत. आपल्या रानांतील बांबूचा लगदा होऊन त्याचा कागद होतो, व तो कागद देशभर जातो. त्यावर कोणीतरी लिहितो, कोणीतरी छापतो, कोणीतरी वाचतो. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवानें वनहक्क कायद्याखालीं आपल्या रानावरचा सामूहिक हक्क मिळविला, आणि २०११ सालीं बांबू तोडून विकण्याचा अधिकारहि प्रत्यक्षांत आणला. बांबू कोणाचा, हा प्रश्न त्या गांवानें विचारला. त्या बांबूच्या कागदावर लिहिणार कोण, हा प्रश्न आपण विचारावयाचा आहे.

आपल्याकडे सांगण्यासारखें कांहीं नाहीं असें तर मुळींच नाहीं. धान घरांत आलें कीं झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून निघालेल्या मंडळ्या गांवोगांव जातात, व थंडींत घोंगडीं पांघरून आपलीं माणसें पहांटेपर्यंत नाटक पाहतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. आमच्या झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं आयुष्यभर केला. शिवाय गोंडी आहे, माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगु आहे. अशा मुलखांत लिहिणारांची वाण पडावी हें संभवतच नाहीं. तरीहि आपलें मासिक बंद पडलें. कां पडलें, तें आतां सांगतों.

हिशोबाची वही आम्हीं जपून ठेवली आहे, व ती वाचतां मासिकाच्या मरणाचें कारण सरळ दिसतें. आरंभीं तें हस्तलिखित होतें: एकच प्रत, चांगल्या अक्षराच्या मुलीनें लिहिलेली, वाचनालयाच्या मेजावर ठेवलेली. तेव्हां खर्च शाईचा व वहीचा. पुढें हौस वाढली. अंक संगणकावर जुळवून छापूं लागलों. दीडशें प्रती काढीत असूं. साठ-सत्तर वर्गणीदार; त्यांपैकीं वर्गणी देणारे निम्मे, आणि स्मरणपत्र पाठविल्यावर रागावणारे पांच-सहा. जाहिरात म्हणून किराणा दुकानदारानें एक पान घेतलें, त्याचे पैसे त्यानें गुळाच्या ढेपेच्या रूपानें दिले. तो गूळ ख्रिस्तजयंतीस सर्वांनीं मिळून खाल्ला, त्यामुळें जमेच्या बाजूस कांहीं लिहितां आलें नाहीं. टपालखर्च वाढला, कागदाचा भाव चढला, छापखान्याचें देणें थकलें. चौथ्या वर्षाच्या अखेरीस अंक बंद केला. वहींतलें शेवटचें वाक्य आमच्याच हातचें आहे: 'द्रव्याभावीं बंद.'

बंधु-भगिनींनो, तें वाक्य अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें आज या सभेंत सांगावें, यासाठींच आम्हीं हें व्याख्यान पत्करलें.

मासिकाच्या दुसऱ्या वर्षीं वैनगंगेपलीकडच्या एका गांवचा, दहावींत शिकणारा मुलगा आमच्याकडे एक कविता घेऊन आला. वडील उन्हाळ्यांत तेंदूपत्ता गोळा करीत, एरव्हीं बांबू तोडीत. कविता आईवर होती: विहीर आटली आहे, आई घागर घेऊन पहांटे निघते, आणि मुलगा दारांत बसून तिची वाट पाहतो. कवितेंत 'डोरा' होता, 'पानी' होतें, 'माय' होती. आम्ही तेव्हां नुकतेच सेमिनरींतून बाहेर पडलों होतों. व्याकरण ताजें होतें व तांबडी शाई हातांत होती. आम्हीं 'डोरा' खोडून 'डोळा' केला, 'पानी'चें 'पाणी' केलें, आणि 'माय' काढून तेथें 'जननी' बसविली. तीन ओळी छंदांत बसत नव्हत्या, त्या नव्या रचून घातल्या. कविता पहिल्या पानावर छापली. आपण त्या मुलावर मोठा उपकार केला, अशी आमची समजूत होती.

अंक निघाल्यावर तो आला. उभ्या उभ्याच त्यानें कविता वाचली, मग दुसऱ्यांदां वाचली. अंक घडी घालून मेजावर ठेवला आणि म्हणाला, "फादर, हे चांगलं हाय. पन हे माह्यं नोहोय." रागानें म्हणाला नाहीं; चुकून आपल्या हातीं आलेली दुसऱ्याची वस्तु परत करावी, तसें म्हणाला. त्यानंतर त्यानें मासिकाकडे कांहीं पाठविलें नाहीं.

आम्हीं तें मनावर घेतलें नाहीं. पण मुलें एकमेकांस सांगतात. मासिकांत कोणतें मराठी चालतें हें त्यांना समजलें, आणि तें मराठी त्यांचें नव्हतें. कांहींनीं लिहिणें सोडलें. कांहीं शाळेच्या मार्गदर्शकांतून 'पावसाळा' व 'माझी आई' उतरून आणूं लागलीं. त्यांत शुद्धलेखनाची एक चूक नसे, आणि त्यांचें स्वतःचेंहि कांहीं नसे. शेवटच्या अंकाचीं चोवीस पानें होतीं; त्यांतलीं पंधरा आम्हींच तीन निरनिराळ्या नांवांनीं भरलीं होतीं. जें मासिक नव्या लेखकांसाठीं काढलें, त्यांत अखेर एकटे संपादकच उरले! तेव्हां पैसा संपला म्हणून मासिक मेलें असें म्हणण्यापेक्षां, लेखक निघून गेले म्हणून तें मेलें, व पैसा नसल्यामुळें त्याला मूठमाती देतां आली, असें म्हणणें सत्यास अधिक धरून होईल.

आमच्या अपराधास आणखी एक पदर आहे. आमच्या घरीं सामवेदी बोली बोलत. शाळेंत त्या बोलींतला एक शब्द आमच्या तोंडून निसटला तेव्हां सारा वर्ग हंसला होता, व तें हसूं आम्ही कित्येक वर्षें विसरलों नव्हतों. असें असूनहि तांबडी शाई हातीं येतांच आम्ही हंसणारांच्या बाकावर जाऊन बसलों. ज्याला एकदां दारांतून घालविलें, तो पुढें द्वारपाळ झाला म्हणजे अधिक दयाळू होतोच असें नाहीं. आज आमच्या त्या बोलींतून 'कादोडी' नांवाचा दिवाळी अंक निघाला आहे. तो प्रथम हातांत घेतला तेव्हां आमचे डोळे भरून आले. आणि लगेच वैनगंगेपलीकडचा तो मुलगा आठवून मान खालीं गेली.

असो. आतां निवाड्याकडे वळूं. मासिक पुन्हां काढावें काय? आमच्या मतें काढावें. परंतु दीर्घायुषी व्हावें म्हणून काढूं नये. किती वर्षें चाललें हें पुढें कोणी विचारणार नाहीं. तुमच्या दारांत येऊन कोण पहिल्यानें बोललें, आणि तो त्याच्या वाणीनें बोलला कीं तुमच्या, एवढेंच विचारतील. म्हणून चार गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट, लेखकास विचारल्यावांचून त्याचा शब्द बदलूं नये. चूक वाटली तर त्याला जवळ बसवून विचारावें. पुष्कळदां ती चूक नसते, आपलें अज्ञान असतें. जो झाडींत लिहील त्याचें झाडींतच छापावें. जो गोंडींत वा माडियांत लिहील त्याचें देवनागरींत छापून खालीं मराठी अर्थ द्यावा. याचा अर्थ आलेलें सारें छापावें असा नाहीं. लेखकाचा शब्द राखणें हें एक काम आणि कच्चें लिखाण परत करणें हें दुसरें. दोन्हीं कामें संपादकानें केलीं पाहिजेत.

दुसरी गोष्ट, परत केलेल्या लिखाणाबरोबर स्वहस्तें चार ओळी लिहाव्या: काय आवडलें, कोठें अडखळलों. कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या हातांत फोन आहे. मुलगा कविता लिहितो, बोटानें दाबतो, क्षणांत ती शंभर जणांपुढें जाते. मग मासिक हवें कशाला? फोनवर शंभर अंगठे मिळतात हें खरें. परंतु तिसऱ्या ओळीपाशीं थांबून 'येथें तुला काय म्हणावयाचें होतें, बाळ?' असें विचारणारा एक माणूस त्या शंभरांत बहुधा नसतो. तो एक माणूस म्हणजेच मासिक.

तिसरी गोष्ट, संपादकानें आपलें लिखाण आपल्या मासिकांत घालूं नये. हा नियम आम्ही स्वतःच्या पंधरा पानांवर हात ठेवून सांगतों.

चौथी गोष्ट व्यवहाराची. आरंभ पुन्हां हस्तलिखितानें करावा. त्याला छापखान्याचें देणें नाहीं. छापील नियतकालिक विक्रीसाठीं काढावयाचें झाल्यास त्याची रीतसर नोंदणी करावी. १८६७ चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२३ चा नवा आला आहे, तो जाणत्या माणसाकडून समजून घ्यावा. उधारीवर एकहि अंक काढूं नये. पैसा संपला तर शेवटच्या अंकांत तसें लिहून, वाचकांचे आभार मानून, मोकळ्या मनानें बंद करावें. आणि प्रत्येक अंकाच्या दोन प्रती बांधून ठेवाव्या: एक आपल्या वाचनालयांत, एक तालुक्याच्या ग्रंथालयांत. केशवसुतांच्या कविता जमविणारास मासिकाचीं पानें सांपडलीं, कारण कोणीतरी तीं फेकून दिलीं नव्हतीं.

आतां त्या मुलाविषयीं, आणि आम्ही संपविणार. तो आतां चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ आहे. या महोत्सवाच्या निमित्तानें आम्हीं त्याच्या घरीं गेलों. त्याची मूळ कविता, तांबड्या शाईसकट, आमच्या पेटींत इतकीं वर्षें पडून होती. ती त्याच्यापुढें ठेवली, क्षमा मागितली, आणि ती त्याच्याच शब्दांत या स्मरणिकेंत छापण्याची परवानगी मागितली. त्यानें कागद हातांत घेऊन बराच वेळ पाहिला. मग हंसून म्हणाला, "फादर, आता माह्यं राहू द्या. पोरगी लिव्हते, तिचं घ्या." त्यानें आम्हांस चहा पाजला, नदीपर्यंत पोंचवावयास आला, पण कवितेला मात्र परवानगी दिली नाहीं. ती त्याची आहे, आणि या वेळीं आम्हीं त्याचा शब्द मानला.

त्याच्या मुलीनें वहींतलें एक पान फाडून दिलें. तें या स्मरणिकेंत दिलें आहे; वाचतांना तुम्हीं दोन-तीन ठिकाणीं थबकाल. मुद्रितें तपासतांना आम्हीहि थबकलों होतों. एका शब्दाखालीं रेघ ओढावयास हातहि उचलला होता. पण प्रथम तिला विचारलें, आणि त्या शब्दाचा अर्थ तिच्याकडून शिकलों. एक अक्षरहि बदललेलें नाहीं.

मासिकाचें नांव, काळ व वर्गणी तुम्हीं ठरवावी. लेखिका एक मिळाली आहे. प्रभु या कामास आशीर्वाद देवो, आणि त्याला जितकें आयुष्य द्यावयाचें असेल तितकें देवो.